काठावरचं टोक

सोमवार, नऊ तारीख
दुपार

दादा,

पत्रलेखन शिकवताना मास्तर सांगायचे, आधी वडीलधाऱ्यांना नमस्कार, मग घरची खुशाली, मग हवापाणी, आणि कामाचं सगळ्यात शेवटी. तेव्हा नमस्कार. घरी सगळे बरे आहेत. आईचे गुडघे तसेच आहेत आणि तोंडही तसंच आहे. हवा कोरडी आहे, कापड दोन तासांत वाळतंय. कामाचं लिहायला मला बहुधा दोन-तीन दिवस लागतील, म्हणून आजच बसलो.

चार घरं पलीकडे राहणाऱ्या भावाला पोस्टाने पत्र पाठवणारा माणूस आपल्या गल्लीत मी पहिलाच असेन. पोस्टमनला नुसतं विचारलं, की इथल्या इथे टाकलेलं पत्र किती दिवसांत पोचतं. तो म्हणाला, "इथल्या इथे म्हणजे कुठे?" मी तुझ्या घराकडे बोट दाखवलं. त्याने पिशवी खांद्यावर सारली. म्हणाला, "जोरात खोकलात तरी पोचेल की हो."

पण दाराखालून सरकवलं तर वहिनी आधी वाचणार. आणि हातात द्यायला निघालो, तर तुझ्या दारापाशी येईपर्यंत मी भलत्याच कामाला निघालोय असं दाखवत पुढे जाणार. अकरा वर्षं तेच करतो आहे. पोस्टमन मात्र नाव वाचून तुझ्याच हातात देईल.

तुझा हात कसा आहे? वहिनी नळावर भेटली होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "मनगट दोन ठिकाणी, खांदा एका ठिकाणी. सहा आठवडे प्लास्टर." मग घागर नळाखाली सारत म्हणाली, "कसं झालं विचारलं तर म्हणतात, पायरीवरून घसरलो. चोपन्न वर्षांत त्या पायऱ्यांवरून कधी घसरले नाहीत. नेमके तुम्ही हिरो झालात त्याच दिवशी घसरले." घागर भरली तशी म्हणाली, "पेपरात फोटो चांगला आलाय, भावजी. केस तेवढे विंचरायला हवे होते."

येत्या शनिवारी नगरपालिकेच्या सभागृहात माझा सत्कार आहे. तुला कळलंच असेल, गल्लीच्या तोंडाशी फळा लावलाय. 'एकट्याने चौघांना पुरातून वाचवणारे आपले रंगारी.' खाली माझं नाव, त्यातही एक मात्रा चुकलेली. येताजाता लोक पाठीवर थाप मारतात. परवा न्हाव्याने दाढी फुकट केली आणि वर म्हणाला, "तुमच्या मानेला वस्तरा लावताना आज हात थरथरतो." मी घरी आलो आणि जेवलो नाही. हिने विचारलं तर म्हणालो, पोट बिघडलंय.

आज काम बंद ठेवलंय. शिवणकाका चिडले. आयुष्यभर कापडाच्या थानांची टोकं एकमेकांना शिवत आले, आता डोळ्यांनी सुई दिसत नाही तरी सुटी नको असते त्यांना. मी नदीच्या वरच्या पायरीवर नुसताच बसून होतो आणि जुनं आठवत होतो.

तुला तो पत्र्याचा डबा आठवतो? तेलाचा, झाकण डांबराने बंद केलेला. माझ्या पाठीला बांधून तू मला पाण्यात ढकलायचास आणि काठावर बसून सांगायचास, "डबा बुडत नाही, म्हणजे तू बुडत नाहीस. दोघांत हुशार कोण ते ठरव." एक दिवस मी मस्त हातपाय मारत पलीकडे जाऊन आलो आणि तू हसत सुटलास, कारण डबा तुझ्या मांडीवर होता. मला कळू न देता दोरी कधी सोडलीस ते तू आजपर्यंत सांगितलं नाहीस.

तुझं ते उताणं पडून राहणंही आठवतं. भर धारेत, पायाचे अंगठे वर, डोळे मिटलेले, जणू अंगणातल्या खाटेवर पडलायस. बाबा वरून ओरडायचे, "अरे, तो झोपलाय का मेलाय?" आणि तू डोळे न उघडता एक अंगठा हलवायचास.

मी शाळेत निळे हात घेऊन जायचो. मास्तर म्हणायचे, "दौत पालथी केलीस की काय?" पोरं हसायची. एकदा तू मला न्यायला आलास, तर तुझे हात कोपरापर्यंत लाल. मग कोणी हसलं नाही.

आणि रंगवलेलं कापड धारेत कसं धुवायचं ते बाबांचं शिकवणं. एक जण पाण्यात थानाचा शेंडा धरून, एक जण काठावर टोक धरून. टोक कमरेला दोन वेढे घालून धरायचं. मनगटाला गुंडाळायचं नाही, हात जाईल. पायाखाली दाबायचं नाही, माणूस जाईल. पाण्यातला 'दे' म्हणाला की सैल करायचं, 'घे' म्हणाला की ओढायचं. काठावरच्याने स्वतःचं डोकं चालवायचं नाही. एवढंच शास्त्र. आज इतक्या वर्षांनीही मला ते शाळेतल्या कवितांपेक्षा जास्त पाठ आहे.

बस. आज इथवरच जमतंय.


मंगळवार, दहा तारीख
सकाळ

दादा, रोजच्यासारखी प्रार्थना केली आणि लिहायला बसलो. गेल्या बुधवारचं लिहितो. तू म्हणशील, मी तिथेच होतो, मला काय सांगतोस. पण तू काठावरून पाहिलंस. पाण्यातून कसं दिसत होतं ते तुला माहीत नाही, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून कळणारही नाही.

शिवणकाका डोळे तपासायला गेले होते. काठावर माणूस नव्हता, म्हणून मी टोक पायरीतल्या लोखंडी कडीला बांधलं. हल्ली कधीकधी बांधतो. बाबा असते तर कडीच उपटून टाकली असती. इस्पितळाच्या पडद्यांचं हिरवं कापड होतं, चार थानं एकाला एक जोडलेली.

पाण्यावर आधी काड्या आल्या, मग फेस. वर धरणातून पाणी सोडलं की असंच येतं, हे आपल्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. मी कापड गोळा करायला लागलो. तेवढ्यात वरच्या सपाट खडकांकडून आवाज आले. मला आधी वाटलं, हसताहेत.

ते चौघं कोण होते हे मला नंतर कळलं. नवीन लग्न झालेली मुलगी, तिचा नवरा आणि तिचे दोन भाऊ. माहेरी आली होती, चौघं नदीवर आले. जावयाला पोहता येतं हे मेव्हण्यांना दाखवायचं होतं. जावई गेला धारेत. त्याला काढायला मेव्हणे गेले, आणि ते जमत नाही असं बघून ती मुलगीही गेली. ही माणसं शहाणी नव्हती असं पेपरात लिहिलंय. मला तसं वाटत नाही. घरचं माणूस वाहून जाताना शहाणपणाने उभा राहणारा मी अजून पाहिला नाही.

तिघं जुन्या पुलाच्या अलीकडच्या खांबाला अडकले. जावई पुढे जाऊन पलीकडच्या खांबाला.

मी शेंडा काखेखालून छातीभोवती आवळला आणि उतरलो. पायरी उतरताना रोज देवाचं नाव घेतो, त्या दिवशी घेतलं की नाही आठवत नाही. असल्या वेळी तोही हजेरी घेत नसावा.

निम्म्या वाटेवर कळलं, की मी मूर्खपणा केलाय. कडी माणूस नव्हे. तिला ना सैल करता येतं, ना ओढता येतं. पाठीमागे जेवढं कापड मोकळं होतं तेवढं संपलं, उरलेला ढीग कडीपाशीच अडकून बसला. धार मला पुढे लोटत होती आणि कापड मागे खेचत होतं. त्या दोघांच्या मध्ये मी खाली गेलो. पाणी डोक्यावरून गेलं. कानांत एकदम शांत झालं. मनात काय आलं सांगू? हिचं तोंड आलं नाही, मुलांचं आलं नाही. मनात आलं, की मी गेलो तर आता ते कुणालाच कळणार नाही.

ते म्हणजे काय, ते उद्या लिहितो.

मग कुणीतरी कडीचं टोक सोडून हातात घेतलं आणि कापड सैल झालं.

दादा, कापडाला हात असतो. शिवणकाका देतात तेव्हा हिसका बसतो, एकदम देतात आणि एकदम थांबतात. बाबा द्यायचे ते मोजल्यासारखं, टप्प्याटप्प्याने. तुझा हात आधी क्षणभर थांबतो, पाण्याचं ऐकतो, आणि मग देतो. तो थांबा मला छातीवर कळला. तू माझं टोक धरून चौतीस वर्षं झाली होती. मी मागे वळून पाहिलं नाही. खरं सांगायचं तर पाहायची हिंमत नव्हती.

डोकं वर आलं तसा ओरडलो, "दे!" तू दिलंस.

खांबापाशी पोचलो तर दोघं भाऊ एकमेकांना शिव्या घालत होते. थोरल्याने धाकट्याची कॉलर धरली होती आणि दात एकमेकांवर आपटत म्हणत होता, "सोडलंस तर घरी गेल्यावर मारीन, गाढवा." धाकटा म्हणत होता, "घरी तर ने आधी." आणि ती मुलगी माझ्या अंगावर ओरडत होती, "आम्हाला नको, ह्यांना आधी काढा, ह्यांना!" मी म्हणालो, "बाई, तुमचे 'हे' माझ्या कापडात बसत नाहीत, लांब आहेत. तुम्ही निघाल तर मी त्यांच्याकडे जाईन." मग तिने कापड धरलं.

मी 'घे' म्हणालो. तिघांचं ओझं, वर धार. काठावर एकटा माणूस, कापड कमरेला. तू ओढलं नाहीस. तू खालच्या बाजूला चालत गेलास आणि धारेलाच त्यांना काठाशी आणायला लावलंस. हे मला सुचलं नसतं. पाण्याशी भांडायचं नाही, त्याला कामाला लावायचं, हे तू मला डब्याच्या दिवसांत सांगितलं होतंस आणि मी विसरलो होतो.

मग जावई. तिघं काठाला लागल्यावर मी वरच्या बाजूने परत धारेत सुटलो, तू देत गेलास, देत गेलास. आणि त्या खांबाच्या आठ-दहा हात अलीकडे कापड संपलं. मला ते ताठ झालेलं कळलं. तो माणूस माझ्याकडे बघत होता. त्याची बोटं दगडावरून एकेक सुटत होती. मी हात लांबवला, पोचला नाही. मी 'दे' म्हणून ओरडलो, हे माहीत असूनही की द्यायला काही नाही.

आणि कापड पुढे आलं. कुठून आलं ते बघायला मी पहिल्यांदा तुझ्याकडे सरळ पाहिलं. तू छातीभर पाण्यात होतास. कमरेचे वेढे सोडून टोक मनगटाला गुंडाळलं होतंस आणि हात सरळ पुढे केला होतास. तेवढ्यानेच ते आठ-दहा हात भरून निघाले.

त्याची कॉलर माझ्या मुठीत आली तेव्हा मी 'घे' म्हणालो. काहीतरी मोडल्याचा आवाज मी ऐकला असं मला वाटतं. इतक्या पाण्यात ऐकू येणार नाही, पण मला वाटतं.

काठावर आल्यावर जावयाने पोटभर पाणी ओकलं आणि पहिलं वाक्य काय बोलला असेल? "सासऱ्यांना सांगू नका." ती मुलगी रडता रडता हसायला लागली आणि तिने त्याच्या पाठीत एक जोराची चापट मारली.

तू हात सदऱ्याच्या आत घातला होतास. पायऱ्या चढताना माझ्यापाशी थांबलास आणि म्हणालास, "ओला बसू नकोस, छातीत भरेल." अकरा वर्षांत तू मला बोललेलं ते पहिलं वाक्य. मी छातीवरची गाठ सोडत राहिलो. तू गेलास.

रंगाचा नमुना घेऊन एक माणूस दारात उभा आहे. त्याला हवा तसा हिरवा या जगात नाही असं मी त्याला गेले तीन दिवस सांगतोय. उरलेलं उद्या.


बुधवार, अकरा तारीख

काल जे लिहिलं ते सोपं होतं. आता लिहायचं आहे ते लिहिण्यासाठी सकाळपासून चार वेळा पाणी प्यायलो.

तू गेल्यावर पाऊण तासाने पेपरचा वार्ताहर मुलगा आला. त्याने सगळं विचारून घेतलं आणि मग पेन थांबवून म्हणाला, "काठावर कापड कोणी धरलं होतं?"

मी म्हणालो, "कडीला बांधलं होतं."

दादा, हे खोटं नव्हतं. सुरुवातीला बांधलंच होतं. खोट्यात असं थोडं खरं घालावं लागतं, रंगात तुरटी घालतो तसं. मग ते पक्कं बसतं. ती मुलगी बाजूला चादर गुंडाळून बसली होती. तिने विचारलं, "ते दुसरे काका कुठे गेले?" मी ऐकलं नाही असं केलं आणि पेपरवाल्याला पायऱ्या दाखवायला घेऊन गेलो. दुसऱ्या दिवशी छापून आलं, एकट्याने.

तुझं नाव लपवलं ते मला तुझा हेवा वाटला म्हणून नाही, की मला मान हवा होता म्हणूनही नाही. तुझं नाव घेतलं असतं तर शिवणकाकांपासून सगळी जुनी माणसं एकच प्रश्न विचारणार होती. ज्या माणसाला पाणी इतकं नेमकं कळतं, त्याने चौतीस वर्षांपूर्वी भलत्याच वेळी 'दे' म्हणून हाक कशी मारली?

तू मारली नव्हतीस.

हे वाक्य लिहून मी उठलो होतो. परत येऊन बसलोय.

शाळेच्या गणवेशाचं निळं कापड होतं. तू पाण्यात, मी काठावर. मी पंधरा वर्षांचा, तू वीसचा. कमरेचे वेढे मी सोडले होते आणि टोक पायाखाली दाबून उभा होतो, कारण दोन्ही हातांत गोष्टीचं पुस्तक होतं. मास्तरांनी एका दिवसापुरतं दिलेलं. शेवटची चार पानं राहिली होती. तू 'घे' म्हणालास, तेही मी ऐकलं. मनात म्हटलं, हे पान होऊ दे. आणि पायाखालून कापड गेलं. वळून पाहिलं तर टोक शेवटची पायरी उतरत होतं, सापासारखं, आणि तू त्यात गुंडाळलेला वळणाकडे चालला होतास.

तू वळणावरून बाहेर आलास, कपाळाला खोक घेऊन. कापड नाही आलं. त्या वर्षी नदीखालच्या वस्तीतली सगळी पोरं निळ्या सदऱ्यांत हिंडत होती, आठवतं? आपण ते बघून हसायचो. तू खरोखर हसायचास. मी तुझ्याबरोबर हसायचो.

बाबांनी विचारलं, "कोणी सोडलं?" मी म्हणालो, "दादा 'दे, दे' म्हणत गेला, मी देत गेलो, टोक संपलं." पुस्तक तोपर्यंत सदऱ्याखाली पोटाशी होतं. बाबांनी आधीच बजावलं होतं, पुन्हा हयगय झाली तर शाळा बंद. तुला ते माहीत होतं. तू कपाळावरचं रक्त पुसत माझ्याकडे पाहिलंस. माझ्या पोटाकडे पाहिलंस. आणि म्हणालास, "म्हटलं असेन."

बाबा म्हणाले, "पाण्यात उभं राहून काय म्हणायचं ते ज्याला कळत नाही, त्याने पाण्यात उतरू नये." दुसऱ्या दिवसापासून तू आत, रंगाच्या कुंडांपाशी, वाफेत. नदी मला मिळाली. शाळाही मिळाली, आणखी दोन वर्षं. हे पत्र मी लिहू शकतोय ते त्या दोन वर्षांमुळे.

मी सांगणार होतो. पहिल्या आठवड्यात सांगणार होतो. मग परीक्षा झाल्यावर. मग तुझं लग्न ठरलं, म्हटलं लग्नानंतर. मग बाबा आजारी पडले, म्हटलं आता त्यांना कशाला. माणूस किती शहाणी कारणं शोधतो बघ. देवापुढे रोज बसलो, सगळ्यांसाठी मागितलं, आणि तेवढी एक गोष्ट त्यालाही सांगितली नाही, जणू त्याला बाहेरून कळणारच नव्हतं.

आणि अकरा वर्षांपूर्वी, बाबा गेल्यावर कामाची वाटणी करताना तू म्हणालास, वरच्या पायऱ्यांवर एक दिवसाआड मी उतरेन. एवढंच मागितलं होतंस. मी सगळ्या कामगारांसमोर म्हणालो, "तुला पाण्यातलं काय कळतं?" तू अंगावरचा पंचा काढून कुंडाच्या काठावर ठेवलास, नीट घडी करून, आणि बाहेर पडलास. लोक समजतात आपलं वाटणीवरून फाटलं. आपण दोघंच जाणतो कशावरून फाटलं. मला तर कधीकधी वाटतं, माझंच खोटं मला इतकं खरं वाटायला लागलं होतं, की तुझं ते मागणं ऐकून मला खरोखर राग आला.

काल संध्याकाळी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"आई, ते कापड मी सोडलं होतं."

"कुठलं?"

"निळं. शाळेचं."

तिचे हात थांबले नाहीत. "दादाला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला आधी कशाला सांगतोस? मी काय पोस्ट आहे?"

मी उठायला लागलो तशी म्हणाली, "बस." मग देठं तोडत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यांनी त्याला आत बसवला, तेव्हापासून तो रोज संध्याकाळी हात धुवायला नदीवर जायचा. हात घरीही धुता आले असते." एवढं बोलून ताट उचलून आत गेली. आज सकाळी तिने मला चहा दिला, पण कप माझ्या पुढ्यात न ठेवता लांब ठेवला.


गुरुवार, बारा तारीख

नगरपालिकेत जाऊन आलो.

कारकून चांगला माणूस आहे, पण त्याचा टेबलावर जीव जडलाय. त्याने मानपत्र काढून दाखवलं, सोनेरी किनारीचं. मी म्हणालो, "हे चुकीचं आहे. आम्ही दोघं होतो."

"आता छापून आलंय."

"मग मला नको."

"नको कसं म्हणता? साहेब येणार आहेत. हार सांगितलाय."

"दोन सांगा."

त्याने चष्मा काढून पुसला. "दुसरे कोण?"

मी तुझं नाव सांगितलं. त्याने कागदावर लिहून घेतलं. "तुमचे कोण?"

"थोरला भाऊ."

"मग इतके दिवस काय करत होतात तुम्ही?"

त्याने सहजच विचारलं होतं. त्याने माझी सही घेतली आणि म्हणाला, नवीन मानपत्र शनिवारपर्यंत होणार नाही, पण व्यासपीठावरून जाहीर करू.

तिथून थेट शिवणकाकांकडे गेलो, कारण चौतीस वर्षांपूर्वी त्या दिवशी बाबांच्या शेजारी तेच उभे होते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते शिवतच राहिले. मग म्हणाले, "मी तुझ्या बापाला म्हणालो होतो, थोरला असली हाक मारणार नाही. तो म्हणाला, धाकटा खोटं बोलणार नाही." आणि त्यांनी सुई खाली ठेवून मला जायला सांगितलं. उद्या ते कामावर येतील की नाही मला माहीत नाही.

शनिवारी मला दोन शब्द बोलायला सांगणार आहेत. पुराचं मी थोडक्यात आटपेन, ते सगळ्यांना माहीत आहे. मग निळ्या कापडाचं सांगेन. ज्यांच्यासमोर तुझी हाक चुकली म्हणून ठरलं, त्यातले जे जिवंत आहेत ते सगळे त्या दिवशी खाली बसलेले असतील. बाबा नसतील. त्याचा इलाज माझ्याकडे नाही, आणि तो मी देवाकडेही मागितलेला नाही. मागायला तोंड नाही.

तू सभेला यावंस असं मी लिहीत नाही. आलास तर मात्र दाराशी उभा राहू नकोस, पुढे येऊन बस. त्या मुलीलाही निरोप पाठवला आहे, तिने तुला शोधायला एव्हाना अर्धं गाव पालथं घातलं असणार.

वरच्या पायऱ्या तुझ्या आहेत. एक दिवसाआड नाही, रोज. प्लास्टर निघालं की उतर. काठावर टोक धरायला तुला माणूस लागेल. मी ते काम मागतो आहे. माझ्या हातात टोक द्यावं असं मी काही केलेलं नाही, हे मला कळतं. पंधराव्या वर्षी मी ते नीट धरलं नाही, आता एकोणपन्नासाव्या वर्षी धरेन याची खात्री मी तुला शब्दाने काय देणार? पुस्तक घरी ठेवून येईन, एवढं सांगतो.

तू नाही म्हणालास तर ते बरोबर असेल. मी परत विचारणार नाही. फक्त एक कर. नाही म्हणायचं असेल तर ते पोस्टाने पाठवू नकोस, वहिनीच्या तोंडी नको आणि आईच्या तोंडीही नको. चार घरं चालून ये आणि माझ्या तोंडावर म्हण. रविवारी मी दिवसभर घरात आहे. दार उघडं ठेवतो.

तू सोडलं नाहीस, मी सोडलं.

तुझा धाकटा भाऊ,
बारक्या